उजव्या बाजूचा जिना

रस्ता जिथून सुरू होतो तिथूनच तपासत जायचा, हे मी सुनेला सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. तिला थेट शेवटच्या इमारतीत जायचं होतं. तिथे तिचं पाळणाघर सोमवारी उघडायचं होतं, आणि आज शुक्रवार उजाडला होता.

"आई, आधी माझी जागा दाखवून घेऊ या ना साहेबांना. बाकीच्या इमारती काय पळून जाताहेत?"

"तुझीही पळून जात नाहीये," मी म्हटलं. "क्रमाने जायचं. मधूनच सुरुवात केली की हमखास काहीतरी राहतं."

"बरं बाई," असं ती तोंडातल्या तोंडात म्हणाली. मला ऐकू आलं. माझं वय त्रेसष्ट, गुडघ्यांचं त्र्याऐंशी, पण कान अजून विशीतले आहेत.

साहेब म्हणजे जुन्या इमारतींच्या कार्यालयातले इंजिनीअर. वय जेमतेम तीस, पाठीला पिशवी, काखेत माझ्या नकाशांची गुंडाळी. हो, माझ्याच. छत्तीस वर्षांपूर्वी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती मी मोजल्या आणि काढल्या. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि आमच्या आरेखन विभागातली एकुलती एक बाई. आता कार्यालयाने ठरवलं, इमारतींमध्ये इतके बदल झालेत की जुने नकाशे एकदा पडताळून घ्यावेत. ज्यांनी काढले त्यांच्यापैकी हिंडती-फिरती मी एकटीच उरलेली. साहेब घरी आले, मी डब्यातून भिंग काढलं आणि चप्पल घातली.

सुनेचं गाडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. तिने शाळेतली नोकरी सोडून पाळणाघर काढायचं घेतलं होतं. शेवटच्या जुळ्या इमारतीचा उजवा भाग भाड्याने घेतला. चाळीस मुलांची नावं आली. पण नियम असा, की वरच्या मजल्यावर मुलं ठेवायची तर जिने दोन हवेत. आग लागली, धूर झाला, तर एका जिन्यावर सगळ्यांचा जीव टांगलेला नको. तिच्याकडे जिना एकच, पुढच्या बाजूचा. मात्र माझ्या नकाशात मागच्या बाजूला दुसरा जिना होता. तिथे आता सपाट गिलावा केलेली भिंत होती. गवंड्याने त्या भिंतीवर टकटक करून पाहिलं तर आवाज पोकळ आला. झालं, सून नाचायचीच बाकी राहिली. जिना आहे, कोणीतरी मध्येच बुजवलाय! आज साहेबांसमोर भिंत फोडायची, जिना उघडा करायचा, सही घ्यायची, सोमवारी दार उघडायचं.

"जिना नसता तर नवा बांधता आला असता का हो?" तिने साहेबांना विचारलं.

"नाही ना," साहेब म्हणाले. "या रस्त्याला तेवढंच तर संरक्षण आहे. जे पूर्वी होतं ते परत बांधता येतं. जे नव्हतं ते नव्याने घालता येत नाही."

"मग काय काळजी!" सून म्हणाली. "आईंच्या नकाशात आहे म्हणजे आहे."

माझी मान जरा ताठ झाली. खोटं कशाला बोलू?

पहिली इमारत बंबखान्याची. आता तिथे कॉफीचं दुकान आहे. तीन अवाढव्य दारं होती, त्यातून आगीचे बंब घणघणत बाहेर पडायचे. आता त्या दारांना काचा बसवल्यात आणि काचेमागे लोक निवांत बसून केक खातात. छताला मधोमध गोल भोक आहे आणि त्यातून पितळी खांब खाली उतरलेला. वर झोपलेले जवान घंटा झाली की त्या खांबावरून सर्रकन घसरत खाली यायचे. आता खांबाला चार पोरी टेकून बसल्या होत्या आणि त्यांनी आपल्या पर्सेस त्याच्याभोवती अडकवल्या होत्या.

"हा खांब कशासाठी आहे, माहितेय का गं?" मी एकीला विचारलं.

"डेकोरेशन ना?"

सांगितलं तेव्हा चौघी उठून वर भोकाकडे बघायला लागल्या. एकीने खांबाला मिठी मारून पाहिली. मला बरं वाटलं. साहेबांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. दाराची रुंदी नकाशाप्रमाणे, छताची उंची नकाशाप्रमाणे. मागचा उंच मनोरा, जिथे ओले पाइप लटकवून वाळवायचे, तोही तसाच. फक्त आता त्यात पीठ आणि साखरेची पोती होती. मालकाने आम्हाला मनोऱ्यात आत डोकावू दिलं. वर पाहिलं तर पाइप टांगायचे लोखंडी आकडे अजून ओळीने उभे. सूनसुद्धा घाई विसरून मान वर करून उभी राहिली.

"काय उंच आहे हो! आणि खाली साखर!"

"एक सूत इकडे-तिकडे नाही," साहेब नकाशावर खूण करत म्हणाले. "मॅडम, हे तुम्ही एकटीने मोजलंत?"

"टेपचं दुसरं टोक खिळ्याला बांधून," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं.

पुढे न्यायालय. आता व्यायामशाळा. हे मला माहीत होतं, तरी दार ढकलून आत गेल्यावर मला हसू आवरेना. न्यायाधीशांच्या चौथऱ्यावर पळायची यंत्रं मांडलेली. तीन जाडजूड माणसं तिथे उंचावर धावत होती आणि खाली आरोपीचा पिंजरा तसाच होता, लाकडी कठड्याचा. त्यात टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या.

"पूर्वी इथे उभं केलं की माणसाला फुकटात घाम फुटायचा," मी म्हणाले. "आता वर्गणी भरून फोडतात."

साहेब इतके हसले की व्यायामशाळेचा शिक्षक बघायला आला. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडत असाव्यात, आणि बोलला मात्र एकदम मऊ आवाजात. त्याने आम्हाला पिंजऱ्याखालची दारं दाखवली. पिंजऱ्यातून थेट तळघरात उतरायची वाट होती, कैद्याला लोकांतून न्यायला नको म्हणून. त्याला ती सहा महिन्यांपूर्वी सापडली होती, चटई उचलताना. मी नकाशा उघडून दाखवला. वाट त्यात होती. अकरा पायऱ्या.

"अहो, आधी कळलं असतं तर!" तो म्हणाला. "मी तर घाबरून दोन दिवस आत गेलो नाही."

त्याच्याबरोबर आम्ही खाली उतरलो आणि पायऱ्या मोजल्या. अकरा. सून माझ्याकडे अशी बघत होती की मीच त्या बांधल्यात. मला आतून गुदगुल्या होत होत्या. आपलं जुनं काम पुन्हा हातात यावं आणि ते खरं निघावं, याच्याइतकं सुख नाही.

बँकेचं पुस्तकांचं दुकान झालंय. तिजोरीच्या खोलीत लहान मुलांची पुस्तकं. दार अर्ध्या फुटाचं पोलादी, पण बिजागऱ्या काढून भिंतीला कायमचं टेकवून ठेवलंय. आयांचा जीव खाली-वर व्हायचा म्हणे. आत गालिच्यावर दोन मुलं पालथी पडून वाचत होती. भिंतीची जाडी दोन फूट नऊ इंच. नकाशातही दोन फूट नऊ इंच.

सून दुकानातल्या उशा बघत बसली, पाळणाघराला तशाच हव्यात म्हणून. मी म्हटलं, चला.

त्यानंतर टेलिफोन कार्यालय, म्हणजे आता दातांचा दवाखाना. पूर्वी तिथे वीस बायका रांगेत बसून, कानाला फोन लावून तारा जोडायच्या. भिंतीत तारांची भोकं होती, ती डॉक्टरीणबाईंनी बुजवली नव्हती. प्रत्येक भोकात एक छोटा रंगीत गोटा बसवला होता. "रोग्यांना तोंड उघडून बघायला काहीतरी हवं," त्या म्हणाल्या. मला ती बाई आवडली.

मोजणी झाली. साहेबांनी वेळ वाचवायला पुढचा नकाशा तिथल्याच टेबलावर पसरला, शेवटचा, जुळ्या इमारतीचा. मी सहज म्हणून भिंग लावलं.

ही इमारत समोरून पाहिली तर मधोमध रेघ मारून घडी घालावी अशी. डाव्या बाजूला धर्मादाय दवाखाना होता, आता चष्म्यांचं दुकान आहे. उजव्या बाजूला तेव्हा क्लब होता. पत्ते, बिलियर्ड, पुरुष माणसं. नकाशात दोन्ही बाजूंना मागच्या कोपऱ्यात जिना. डाव्या जिन्याच्या सातव्या पायरीशी मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ही पायरी बाकीच्यांपेक्षा एक इंच उंच. कारागिराची चूक. अशा चुका मी आवर्जून टिपायची.

मग नजर उजवीकडे गेली. उजव्या जिन्याचीही सातवीच पायरी एक इंच उंच.

मी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. डावीकडची दुसरी खिडकी अर्ध्या इंचाने अरुंद, उजवीकडचीही दुसरीच. डावीकडे कोपरा जरा तिरका, उजवीकडेही तेवढाच तिरका, उलट्या दिशेने. कुठला गवंडी तीच चूक दोनदा करेल, आणि तीही आरशातल्यासारखी?

गवंड्याने केलेली नव्हती. मी केली होती.

तो दिवस मी असा घडी घालून ठेवला होता की मलाच सापडेनासा झाला होता. आता तो सगळाच्या सगळा समोर उघडला.

तीन महिने मोठ्या साहेबांच्या मागे लागून मी बाहेरचं काम मिळवलं होतं. त्याआधी मला टेबलाशी बसवून दुसऱ्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून गिरवायचं काम होतं. बाईमाणूस, उन्हातान्हात कुठे फिरणार, असं सगळे मायेने म्हणायचे. त्या मायेचा मला भयंकर संताप यायचा. शेवटी हा रस्ता मिळाला. सगळा मोजला. शेवटी उरला क्लब. दारवान म्हणाला, बायकांना आत सोडत नाही. मी कार्यालयाचं पत्र दाखवलं. तो आत जाऊन एका गृहस्थाला घेऊन आला. त्याच्या हातात बिलियर्डची काठी. त्याने पत्र वाचलंसुद्धा नाही. म्हणाला, "ऑफिसातून एखाद्या माणसाला पाठव, जा."

तळपायाची आग मस्तकात गेली. दोन शिव्या मला येत होत्या, त्या दोन्ही मी मनात दिल्या. पण परत जाऊन सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खरंच माणूस पाठवला असता आणि मला कायमचं टेबलाशी बसवलं असतं. मी टेबलाशी गेले खरी, पण एकाच संध्याकाळपुरती. डाव्या बाजूचा पारदर्शक कागद उचलला, पालथा घातला, आणि उजवी बाजू त्यावरून गिरवली. बाहेरून दोन्ही हुबेहूब आहेत, मग आतून वेगळ्या कशाला असतील? खाली रकाना होता, 'प्रत्यक्ष मोजले'. त्यात सही केली.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?" साहेबांनी विचारलं.

"उकडतंय," मी म्हटलं.

तिथून शेवटची इमारत दोनशे पावलांवर. सून पुढे पुढे, पर्समधून चाव्या काढत. मला वाटत होतं, हिला हाक मारावी आणि इथेच सांगावं. दोनदा तोंड उघडलं. एकदा साहेब बोलत होते, एकदा मीच ते मिटलं. आणि मनात एक लबाड आशा होती, की कोण जाणे, असेलही जिना. आवाज तर पोकळ आलाय.

गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन वाटच बघत होता. सुनेने आम्हाला आधी वरचा मजला दाखवला. तिने तिथे चाळीस छोट्या गाद्या मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर नावाचं कापड शिवलेलं. मी ती नावं वाचली नाहीत. मला वाचवेनात.

मग खाली आलो. मागच्या कोपऱ्यात गवंड्याने पहिला घाव घातला. गिलावा पडला, दोन विटा आत गेल्या, आणि आत धपकन आवाज झाला.

"पोकळ आहे!" सून ओरडली. तिने माझा दंड घट्ट धरला.

भोक हातभर झालं तसा गवंड्याने दिवा आत धरला. आधी तो वाकला, मग साहेब वाकले.

"बाई, इथे जिना कुठे मावणार?" गवंडी म्हणाला. "अडीच फुटांचा चौकोन आहे हा. विहिरीसारखा वर गेलाय."

मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले आणि आत पाहिलं. वरून दोन दोर लोंबत होते. त्यांना एक लाकडी पेटी टांगलेली, कप्पीवरची. खालच्या स्वयंपाकघरातून वरच्या बैठकीत खाण्यापिण्याच्या वस्तू चढवायची, हाताने ओढायची पेटी. पेटीत एक पेला होता, तळाशी सुकलेला तपकिरी डाग, आणि बिलियर्डच्या काठीला लावायचा निळा खडू. वर बसल्या जागी त्यांना सगळं मिळत होतं. इतक्या वर्षांनी मला कळलं, त्या दाराआड काय होतं. मला एक क्षण सगळं विसरून फक्त बघत राहावंसं वाटलं, कप्पी कशी बसवलीय, दोर कुठे अडकवायचे. सवय जात नाही.

"मग जिना?" सून म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता तिचा.

साहेब भला माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे नंतरचं असणार. क्लबवाल्यांनी जिना काढून ही पेटी बसवली असेल. मॅडमच्या मोजणीनंतर. म्हणजे जिना होता. होता म्हणजे परत बांधता येतो! मॅडम, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, मोजणीच्या दिवशी इथे जिना होता. भिंत मागे घेऊ, जिना बसवू. परवानगी मी सोमवारच्या आत देतो, चार-सहा दिवस उशीर झाला तर झाला."

"देतील की!" सुनेने एक मोठा श्वास सोडला. "आई, द्या ना लिहून. हा घ्या पेन."

पेन माझ्या हातात आलं. नकाशा साहेबांनी खिडकीत पसरला. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. आयतं निमित्त पायाशी चालत आलेलं. कुणाला कळणार होतं? क्लबवाले केव्हाच मेले असतील. चाळीस मुलांची सोय होत होती, सुनेचं काम मार्गी लागत होतं, माझी इभ्रत शाबूत राहत होती. एक ओळ लिहायची होती फक्त.

मी छताकडे पाहिलं. सपाट पांढरा गिलावा. त्यामागे तुळया कुठून कुठे गेल्यात, कुठल्या भिंतीवर टेकल्यात, काही दिसत नव्हतं. डाव्या बाजूला मला तुळईन् तुळई पाठ होती. इथे मला काहीच माहीत नव्हतं. ही भिंत मागे घेतली तर वर काय राहील, हे मला माहीत नव्हतं, साहेबांना नव्हतं, गवंड्याला नव्हतं. ज्या बाईला हे माहीत करून घ्यायचा पगार मिळत होता, ती आत आलीच नव्हती.

मी पेन खाली ठेवलं.

"जिना नव्हता," मी म्हटलं.

"आता नाहीये, पण तेव्हा..."

"तेव्हा होता की नाही, मला माहीत नाही. मी या बाजूला पाऊलच टाकलं नाही. दारातून हाकलून दिलं मला, बाई म्हणून. मी डावी बाजू उलटी करून उजवीकडे गिरवली आणि मोजलं म्हणून सही ठोकली. सातवी पायरी बघा. दोन्हीकडे उंच आहे."

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. डावीकडे, मग उजवीकडे. त्यांचे ओठ हलत होते. गवंडी उगाच छिन्नी पुसायला लागला.

सून माझ्याकडे बघत होती. "कधी कळलं तुम्हाला?"

"दातांच्या दवाखान्यात. मघाशी."

"मग तिथेच का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"मी चाळीस आयांना सांगितलंय, माझ्या सासूबाईंच्या नकाशात दुसरा जिना आहे, काळजी करू नका." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते आणि सोपं झालं असतं. "लग्न होऊन या घरात आल्यापासून ऐकतेय, आईंच्या मोजणीत सुताचा फरक नसतो. म्हणून मी ही जागा घेतली. मी स्वतः एकदाही मोजली नाही. कशाला मोजायची, म्हटलं."

"चुकले गं," मी म्हटलं. मला हा शब्द फारसा येत नाही.

ती वर गेली. आम्हाला तिची पावलं ऐकू येत होती, गादीपासून गादीपर्यंत. मग ती फोनवर बोलायला लागली. एकेका आईला. "नाही, सोमवारी नाही." "नाही, अजून सांगता येत नाही." "हो, नकाशात चूक होती." कोणाची ते तिने एकीलाही सांगितलं नाही. ते ऐकताना मला रडू आलं. मी रडले, गवंड्यासमोर.

"बाई," गवंडी हळूच म्हणाला, "मग भोक बुजवू की राहू देऊ?"

"राहू दे," साहेब म्हणाले. "आता ते नकाशात घ्यायचंय."

सोमवारी मी आणि सून टेप घेऊन त्या इमारतीत गेलो. साहेबांनी नियमातली मोकळीक शोधली होती. दुसऱ्या जिन्याशिवायही खालच्या मजल्यावर पंधरा मुलं ठेवता येणार होती, पण त्यासाठीही आधी खरा नकाशा हवा. तो काढायला कुणाला पाठवू, असं ते विचारणार, तेवढ्यात सून म्हणाली, "आई काढतील. मी बरोबर असेन." बाकी माझ्याशी ती कामापुरतंच बोलत होती.

तिसऱ्या दिवशी गवंड्याने छताचा एक पट्टा उघडला. सून स्टुलावर चढून दिवा धरून होती. मी खालून विचारलं, "काय दिसतंय?"

तिने मान आत घातली. मग म्हणाली, "एक मोठी तुळई आहे. सगळ्या वरच्या मजल्याखालून आलीय."

"कुठे टेकलीय?"

तिने दिवा सरकवला. "पेटीच्या भिंतीवर."

जी भिंत मागे घेऊन आम्ही जिना बांधणार होतो, तीच. दुसरा टेकूच नव्हता तिला. वर चाळीस गाद्या अजून तशाच मांडलेल्या होत्या. सून स्टुलावरून उतरली आणि जमिनीवर बसली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं. साहेबांना फोन करायला हवा, असं मी म्हटलं. तिने मान हलवली, पण उठली नाही.

"मोजू या," थोड्या वेळाने तीच म्हणाली.

मी पेटीच्या भिंतीला टेप लावली, आकडा वाचला. चार फूट साडेतीन इंच. तिने तो लिहिला नाही. माझ्या हातातून टेप घेतली, टोक मला धरायला दिलं, पलीकडे गेली, वाकून स्वतः वाचला, आणि मग लिहिला. पुढच्या भिंतीलाही तसंच. खिडकीलाही. मी मोजायचं, मग तिने मोजायचं, मग लिहायचं. कार्यालयात माझ्यामागून कुणी टेप लावली असती तर मी त्याला उभा सोलला असता. वाईट वाटलं, खूप वाटलं. तरी मी टोक धरून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेले.

"आई, हलवू नका," ती म्हणाली.

मी हलवलं नाही.